नखं दिसतात की नाही

मुलगी बघायला मंडळी आली तेव्हा मी नुकतीच एम. ए. झाले होते आणि माझ्या डोक्यात पोप बसलेला होता.

तंजावुरात राजवाड्याच्या मागच्या गल्ल्यांमध्ये मराठी बोलणारी जेवढी घरं होती, ती सगळी कुठून ना कुठून एकमेकांची नातलग. त्यामुळे मुलगी बघण्यात बघण्यासारखं फारसं उरलेलं नसे. माझं नाक, माझा रंग, माझ्या आईचं सांबार, सगळं त्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एवढंच की ही पोरगी इतकी वर्षं कॉलेजात जाऊन करते काय. म्हणून होणाऱ्या सासूबाईंनी विचारलं, "शिकलीस तें काय?"

शहाण्या मुलीनं "हिस्टरी" म्हणून मान खाली घातली असती. मी मान वर केली. युरोपातल्या एका सम्राटाचं आणि पोपाचं भांडण सांगायला घेतलं. बिशप नेमायचे कोणी, राजानं की पोपानं, यावरून ते दोघे इरेला पेटले. पोपानं सम्राटाला वाळीत टाकलं. मग तो एवढा मोठा सम्राट भर हिवाळ्यात डोंगरावरच्या एका किल्ल्याच्या दाराशी जाऊन क्षमा मागत बर्फात अनवाणी उभा राहिला. हे सांगताना माझे हात कसे हलत होते ते मला आजही दिसतं. बर्फ मी फक्त आइसफ्रूटच्या गाडीवर पाहिलेला होता.

"अनवाणी?" सासूबाई म्हणाल्या. "बर्फांत?"

"हो."

"आणि आंतल्यांनीं एक कॉफी पण दिली नाही?"

"तेव्हा तिथे कॉफी नव्हती."

"मग कसला तो राजवाडा."

माझी आई दारामागून पदर तोंडात धरून खुणा करत होती. मी बघितलं न बघितलंसं केलं आणि पुढे निघाले. प्रार्थना करणारे, लढणारे आणि राबणारे, असे तिथल्या समाजाचे तीन भाग. राबणारा राबराब राबणार. त्याच्या पिकातला दहावा वाटा देवळाला, उरलेल्यातला आणखी काही मालकाला, आणि मालकाच्या परवानगीवाचून त्यानं गाव सोडायचं नाही, लेकीचं लग्नसुद्धा करायचं नाही. लेकीच्या लग्नाचा विषय निघताच आईनं कपाळाला हात लावला.

मुलगा तोवर कोपऱ्यात उप्पुमाची बशी घेऊन गप्प बसला होता. तो सर्व्हे खात्यात आहे, एवढं आम्हांला माहीत होतं. त्यानं बशी खाली ठेवली.

"ती सगळी जमीन मोजली कोणीं?"

एम. ए.च्या दोन वर्षांत हा प्रश्न मला एकाही प्राध्यापकानं विचारला नव्हता. मी म्हणाले, "मोजत नसत. सगळा गाव मिळून शीव चालायचा. आणि शिवेचा दगड लागला की बरोबरच्या पोरांना त्याच्यावर आपटायचे. म्हणजे दगड कुठे आहे ते जन्मभर विसरत नसत."

तो हसायला लागला. इतका हसला की सासूबाईंनी त्याच्या पाठीवर थोपटलं. घरी जाऊन त्यानं सांगितलं म्हणे, हीच. सासूबाईंचं मत थोडं वेगळं होतं. त्या म्हणाल्या, पोरगी बडबडी आहे, पण राजवाड्याची लाज राखायला कॉफी होती असं खोटं तरी बोलली नाही.

असं माझं लग्न झालं.

त्यानंतर मी इथल्याच एका मुलींच्या कॉलेजात मध्ययुगीन युरोप शिकवायला लागले. ती जी कोण बाई वर्गात शिरायची, ती आज मला रस्त्यात भेटली तर मी फुटपाथ बदलीन. खळ घालून कडक केलेली साडी, नाकावर चष्मा. चष्म्याचं गुपित आता सांगायला हरकत नाही. काचा साध्या होत्या. तिरुचीच्या पलीकडे पाऊल न टाकलेली ही बाई फळ्यावर किल्ला काढायची, किल्ल्याभोवती खंदक काढायची, आणि ओरत्तनाडूकडच्या खेड्यांतून आलेल्या मुलींना खंदक म्हणजे काय ते इंग्रजीत समजावायची. आमच्या गावच्या किल्ल्याचा खंदक बस स्टँडकडे जाताना डोळ्यांसमोर पसरलेला असतो. पण मी त्याचं नाव तोंडातून काढत नसे. युरोपातला खंदक निराळा, त्यात डास नसतात, असं काहीतरी माझ्या मनात होतं.

एका धड्याला मात्र मी घाबरत होते. तो होमेजचा. तिथे ना राजा, ना लढाई, नुसते हात. ज्याला जमीन हवी, तो मालकापुढे यायचा. डोक्यावर काही नाही, कमरेला तलवार नाही. गुडघ्यांवर बसायचा आणि हात जोडायचा. मालक ते जोडलेले हात आपल्या दोन्ही हातांत घ्यायचा. मग बसलेल्यानं म्हणायचं, "मी तुमचा माणूस झालो." त्यानंतर संताच्या अस्थींवर नाहीतर बायबलवर हात ठेवून शपथ, आणि शेवटी मालक त्याच्या हातात मातीचं एक ढेकूळ द्यायचा, की जमीन झाली त्याची. त्या होमेज शब्दाच्या पोटातच 'माणूस' आहे, फ्रेंचमधला 'ऑम'. राज्य, धर्म, समाज, सगळं त्या चार तळहातांमध्ये. पुस्तकात हे अर्ध्या पानात होतं. मला ते वर्गात करून दाखवायचं होतं, आणि करून दाखवायचं तर आधी करून बघायला हवं होतं.

संध्याकाळी हे शिवारातून आले. धोतरावर पोटरीपर्यंत चिखल. मी स्वयंपाकघरात होते.

"अहो, जरा गुडघ्यांवर बसा."

"कसाला?"

"जमीन देते."

"पट्टा आहे? जमिनीचा कागद?"

"पट्टा नाही. ढेकूळ आहे."

"ढेकळावर जमीन? आमच्या ऑफिसांत आण, दाखवतों." पण बसले. हात जोडले. मी माझ्या हातांनी त्यांचे हात धरले, आणि तिथेच आमचं पहिलं खरं भांडण झालं.

मी त्यांचे हात पुरते झाकले होते. ते म्हणाले, "असं नाही. नखं बाहेर दिसायला हवीत."

"का म्हणून?"

"भोवतीं साक्षीदार उभे आहेत कीं नाही? हातांत कांही लपवलं नाही हें त्यांना दिसायला नको?"

"झाकण्यात तर सगळं आहे," मी म्हणाले. "मालक म्हणतो, आता तू माझ्या आत. तुला बाहेरचं काही लागणार नाही. नखं उघडी ठेवली तर ते रक्षण कसलं?"

"पुस्तकांत काय आहे?"

पुस्तकात एवढंच होतं की हात हातांत घ्यायचे. नखांविषयी एक अक्षर नव्हतं.

एवढ्यात सासूबाई आत आल्या. लेक गुडघ्यांवर, हात जोडलेला. सून उभी, त्याचे हात घट्ट धरून. त्या दारातच थांबल्या.

"कोणाचं चुकलं?"

"अत्या, हा पाठ आहे," मी म्हणाले. "मध्ययुगातला."

"तें झालं. चुकलं कोणाचं?"

"अजून ठरलं नाही, अम्मा," हे खालून म्हणाले.

"ठरलं कीं हात सोडा. दूध उतू चाललंय."

दुसऱ्या दिवशी वर्गात मी दोन मुली पुढे बोलावल्या. एकीला मालक केलं, एकीला गुडघ्यांवर बसवलं. नखांचा प्रश्न मी माझ्या बाजूने सोडवून टाकला, पुरते झाकलेले हात. मग त्या शपथेचं वाक्य इंग्रजीत म्हटलं. मुलींचे चेहरे कोरे. म्हणून मी तमिळमध्ये सांगितलं, जसं आमच्या घरच्या मराठीतून सुचलं तसं, शब्दाला शब्द. "नान् उंग मनुषन्."

मग मागच्या बाकावरून एक फिसकारा आला आणि सगळा वर्ग फुटला. गुडघ्यांवर बसलेली मुलगी तर जमिनीवर लोळायची बाकी राहिली.

मला कळेना. नंतर स्टाफरूममध्ये तमिळ शिकवणाऱ्या बाईंनी मला शेजारी बसवून सांगितलं. आमच्या मराठीत 'माणूस' म्हणजे माणूस. आपलं माणूस म्हणजे आपलं कोणीही. पण तमिळ बायका आपसात 'मनुषन्' म्हणतात तेव्हा बहुतेकदा नवराच असतो. हा मनुषन् ऐकत नाही, या मनुषनला मीठ कमी चालत नाही. थोडक्यात, मी चाळीस मुलींना शिकवलं होतं की मध्ययुगीन युरोपात सरदार राजासमोर गुडघ्यांवर बसून "मी तुमचा नवरा झालो" असं म्हणायचे. आणि तीनशे वर्षांपूर्वी इथे आलेल्या माझ्या घराण्याची सगळी मराठी, सगळी तमिळ, त्या एका वाक्यात तोंडावर आपटली होती.

मुली ते विसरल्या नाहीत. फी भरायला आल्या, पदवीदानाला आल्या, पुढे लग्नाची पत्रिका घेऊन आल्या, की आधी डोळे बारीक करून विचारायच्या, "मिस्, मनुषन् सौक्यमा?" म्हणजे तुमचा माणूस बरा आहे ना. मी घरी येऊन ते ह्यांना सांगायची. ते म्हणायचे, "कळव त्यांना. मनुषन् बरा आहे, जमीन अजून मिळाली नाही." मी तसंच कळवायची.

आमच्या घरात तो रिवाजच पडला. भांडण झालं की जो हरला त्यानं हात जोडायचे, जिंकला त्यानं ते धरायचे, आणि हरलेल्यानं म्हणायचं, मी तुझा माणूस. किंवा तुमचं माणूस, मी हरले तर. हे सोपं दिसतं, पण हात धरले रे धरले की नखांवरून दुसरं भांडण सुरू व्हायचं, आणि ते पहिल्यापेक्षा मोठं असायचं. पहिलं भांडण स्कूटर विकायची की ठेवायची असलं काहीतरी. दुसरं मात्र तत्त्वाचं. ते जिंकले असले की मुद्दाम माझी बोटं बाहेर काढायचे, एकेक. मी जिंकले असले की मी त्यांचे हात पदरासकट झाकायची. कधीकधी मला शंका येते की पहिलं भांडण आम्ही दुसऱ्यासाठीच करायचो.

मग ह्यांची बदली ओरत्तनाडूला झाली आणि काही वर्षं आम्ही तिथे राहिलो. तिथलं राजांच्या काळातलं जुनं छत्र, वाटसरूंना जेवू घालणारी धर्मशाळा, आमच्या घरापासून लांब नव्हतं. हे रविवारी मला तिकडे फिरायला न्यायचे. तिथल्या लाकडी खांबांखाली उभी राहून मी ह्यांना मठांविषयी सांगायची. युरोपातल्या मठात वाटसरूला भाकरी मिळायची, आजाऱ्याला खाट मिळायची, घंटेवर दिवस चालायचा, आणि आतले लोक तासन्‌तास मौन पाळायचे.

"अन्नदान समजलं," हे म्हणायचे. "मौन पाळून अन्नदान कसं करतात? वाढतांना 'आणखीं घ्या' कोण म्हणतं?"

मी म्हणाले, खुणा करतात.

"आमच्या लोकांत उपाशी मेले असते सगळे."

तिथेच एका रविवारी नखांच्या तंट्याला नियम ठरले. मी म्हणाले होते की लायब्ररीत एखादं चित्र सापडेल, बघून टाकू. ते नको म्हणाले. "चित्र नको. कागद एकटा माणूस टेबलावर बसून काढतो. दगड सगळा गाव बघत असतांना बसतो. दगडावर कोरलेलं असेल तेंच धरायचं, आणि तें आपण दोघांनीं जाऊन आपल्या डोळ्यांनीं बघायचं."

यात त्यांचं खातं बोलत होतं. त्यांचं आयुष्य दोन शेजाऱ्यांमधला बांध शोधण्यात गेलं. कुठल्याही तंट्यात आधी शोधायचा तो शिवेचा दगड. पुष्कळदा तो नसायचाच. कोणीतरी उपटलेला, नाहीतर नांगराखाली गेलेला. मग ते मोजणीच्या कागदावर शेरा मारायचे: कल् काणोम, दगड सापडत नाही. तो शेरा आमच्या घरात इतका मुरला होता की चष्मा सापडेना, कल् काणोम. डाळीत मीठ नाही, कल् काणोम. आणि दगड सापडला नाही की नवीन दगड बसवायला एक अट असायची. दोन्ही शेजारी त्या जमिनीवर समोरासमोर हजर पाहिजेत. एक आला नाही तर काम तहकूब. "एकट्याच्या सांगण्यावर दगड बसवला तर तो दगड नसतो," हे म्हणायचे, "ती त्याची इच्छा असते."

म्हणून युरोपला जायचं ठरलं. रिटायर झाल्यावर. आम्ही पासपोर्ट काढले. ह्यांनी दोन मंकी कॅप आणल्या, आणि थंडीची सवय व्हावी म्हणून मार्गळीच्या, आपल्या मार्गशीर्षाच्या, महिन्यात पहाटे ती टोपी घालून गच्चीवर फेऱ्या मारायला लागले. मार्गळीतली तंजावूरची थंडी म्हणजे काय, पंखा एकवर ठेवावा लागतो एवढीच. समोरच्या घरातली मामी घाबरून विचारायला आली, "सारला काय झालं?" मी म्हणाले, "काही नाही, बर्फात उभं राहायची तयारी चाललीय."

"अनवाणी?" आतून सासूबाई. त्या तेव्हा खूप थकल्या होत्या, पण तो सम्राट त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.

सासूबाई आधी गेल्या. त्यानंतर दुसऱ्या उन्हाळ्यात हे. दुपारची कॉफी झाली, म्हणाले जरा पडतो, आणि पडले ते पडलेच. कॉफीचा डबरा, पेल्याखालची ती वाटी, मी उचलून नेला तेव्हा तो अजून कोमट होता.

मंकी कॅप कपाटात आहेत. पासपोर्टांची मुदत आपली आपण संपली.

वर्गात मी आणखी एक गोष्ट शिकवायची, आणि ती मला तेव्हा नुसती माहिती वाटायची. अगदी जुन्या काळी तिकडले ख्रिस्ती लोक हात पसरून, वर करून प्रार्थना करत. हात जोडून प्रार्थना करणं नंतर आलं, आणि काही जाणते म्हणतात की ते मालकाच्या दरबारातून देवळात गेलं. आधी माणसासमोर हात जोडले, मग देवासमोर. मुली ते वहीत उतरवून घ्यायच्या आणि मी पुढच्या मुद्द्यावर जायची. आता मोठ्या देवळात जाते, नंदीला वळसा घालून आत उभी राहते, हात जोडते, आणि तो मुद्दा समोर येतो. जोडलेले हात तसेच राहतात. वाट बघत असल्यासारखे. देव काही ते धरत नाही. त्यात देवाचा दोष नाही, रांगेत एवढे लोक आहेत, कोणाकोणाचे धरणार? पण तळहातांची बाहेरची बाजू उघडी राहते, आणि या वयात माणसाला तिथे गार लागतं, तंजावुरातसुद्धा.

मागे एकदा टाउन बसमध्ये एक बाई माझ्यासाठी जागा सोडून उठली. केस अर्धे पिकलेले, हातात नातवाची वॉटरबॅग. तिनं डोळे बारीक केले तेव्हा मला कळलं काय येतंय ते.

"मिस्, मनुषन् सौक्यमा?"

तिला कोणी सांगितलं नसावं. आता मी सांगितलं असतं तर ती बिचारी बसमध्ये रडली असती, आणि तो एवढा सुंदर प्रश्न परत मला कोणी विचारला नसता. मी म्हणाले, "सौक्यम्." ती म्हणाली, "जमीन मिळाली?" मी म्हणाले, "अजून नाही." माझा स्टॉप गेला. पुढच्या दोन स्टॉपांनंतर उतरून रिक्षानं परत आले, वाटेत रिक्षावाल्याला उगाचच विचारलं की तुझं सगळं ठीक आहे ना.

माझी नात, मुलाची मुलगी, सध्या युरोपात आहे. कंप्युटरचं काहीतरी शिकते. मराठी तिला कळते सगळी, बोलते ती तमिळच्या चालीवर, आणि देवनागरी तिला वाचता येत नाही. त्यामुळे हे मी निर्धास्त लिहिते आहे. लहानपणी सुट्टीत इथे यायची तेव्हा आमच्या भांडणात हे साक्षीदार म्हणून तिला उभी करायचे. नखं दिसली की टाळ्या वाजवायची, कारण आजोबा तिला आधीच चॉकलेट देऊन फोडायचे. तिकडे गेल्यावर तिनं फोन केला.

"आजी, नखांचं बघायचं ना? फोनवर चित्रं आहेत, दोन मिनिटांत काढतें."

"खबरदार," मी म्हणाले. "कागद चालत नाही."

"हां. दगड पाहिजे." तिला आठवत होतं.

मग ती दगडाच्या मागे लागली. सुट्टी मिळाली की कुठल्या तरी गावी, कुठल्या तरी चर्चच्या दाराशी. मला फोटो यायचे. स्वर्ग, नरक, बैल, द्राक्षं, शेपटीवाली भुतं. मी प्रत्येकाला छान म्हणायची. खरं सांगायचं तर मला धास्ती होती. दगड सापडला आणि नखं दिसली, म्हणजे हे जिंकले, तर मी हात जोडणार कोणापुढे? आणि नखं झाकलेली निघाली, मी जिंकले, तर मग काय? गच्चीवर जाऊन एकटीनं ओरडायचं? इतकी वर्षं पुरवून पुरवून ठेवलेलं भांडण. घरात ह्यांचं अजून चालू असलेलं असं तेवढंच एक होतं. बाकी पेन्शन, पेपर, स्कूटर, सगळं बंद झालं.

आणि परवा तिचा फोन आला. इथे कॉफीची वेळ होती, तिथे जेवणाची. व्हिडिओवर तिचं नाक लाल दिसत होतं.

"आजी, सापडलं. बघ."

एका लहान गावातलं चर्च. दारावर मोठी दगडी कमान, मध्ये देव बसलेला, उजवीकडे पुण्यवान, डावीकडे पापी. माझ्या आयुष्यातलं पहिलं खरं युरोपचं दार मी सांबाराच्या डावाशेजारी फोन टेकवून बघत होते. वारा फोनमध्ये शिरून खरखर करत होता. खाली कोपऱ्यात तिनं बोट दाखवलं. एक जण खुर्चीवर बसलेला, समोर एक जण गुडघ्यांवर. गुडघ्यांवरच्याच्या कपड्यांच्या चुण्यासुद्धा कोरलेल्या. त्याची मान वर, आणि तोंडावर असा भाव की हे म्हणत तसं, पट्टा कुठाय.

"जवळ ने," मी म्हणाले.

तिनं जवळ नेला. दोघांचे दंड होते. कोपरं होती. त्याच्या पुढे दगड गुळगुळीत झाला होता, आणि मग काहीच नव्हतं. एक खळगा. इकडचे हात तिकडे जिथे भेटायचे, नेमकं तिथे.

ती चर्चमधल्या एका म्हाताऱ्याला विचारून आली होती. म्हणाली, येणारेजाणारे तिथेच हात लावायचे, लोकांची श्रद्धा. लावून लावून झिजले. उरले होते तेही कधीतरी तुटून पडले.

मग तिनं कॅमेरा स्वतःकडे फिरवला आणि हलकेच म्हणाली, "आजी. कल् काणोम."

मी हसायला लागले. इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पाणी हसण्याचं होतं असंच मी तिला सांगितलं.

"सॉरी आजी. दुसऱ्या गावांत बघूं? एक आहे म्हणतात, ट्रेननं जातां येतं."

"नको," मी म्हणाले. "नियम काय आहे?"

तिनं विचार केला. "दोन्हीं पार्टी हजर पाहिजेत."

"एक हजर नाही."

"मग?"

"तहकूब."

तिच्या मागून दोन-तीन माणसं कॉलर वर करून त्या कमानीखालून आत गेली. एकानं जाताजाता त्या खळग्याला बोटं लावली, सवयीनं. मला वाटलं, हे तिथे असते तर त्याला थांबवून विचारलं असतं, अहो, तुमच्या लक्षात आहे का इथे काय होतं.

"आजी, मला थंडी वाजते," नात म्हणाली. "ठेवतें." पण ठेवला नाही. फोन कशावर तरी टेकवला, मागे सरकली, त्या पायरीवरच गुडघ्यांवर बसली आणि हात जोडले. हातात जाड लोकरीचे मोजे होते, त्यामुळे नखांचा प्रश्न तिनं मोठ्या हुशारीनं टाळला होता. आजोबांचं ऐकून ऐकून जे पाठ झालं होतं, तेच म्हणाली, मुलगी असून पुरुषासारखं, तमिळच्या चालीवर. "मी तुजा माणूस."

मी ते सुधारलं नाही. फोन उचलला आणि दोन्ही हातांनी धरला. पुढून, मागून, घट्ट.

"आजी," आतून तिचा आवाज आला. "कांहीं दिसत नाही."

"दिसायचं नसतंच," मी म्हणाले. तहकूब झालं तरी मी माझी बाजू सोडलेली नाही.